ओहोटीची वेळ

(सकाळ. ऐरोलीचा पूल. ओसरणारं पाणी.)

ठाणे खाडीतलं वेळापत्रक ठरवते ती भरती-ओहोटी. पाणी उतरू लागलं, की तिवरांची मुळं उघडी पडतात, चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारू लागतात आणि रांगा धरून येतात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो पक्षी. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतं. पंख उघडले की ते नाव कुठून आलं, हे सांगावं लागत नाही.

बोटीला पाणी लागतं, रोहितांना चिखल. त्यामुळे इथल्या बोटफेरीची वेळ रोज बदलते.

(चोच, अगदी जवळून.)

नीट पाहा, डोकं उलटं आहे. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होतेय. पाणी आत ओढायचं, बाहेर ढकलायचं. चोचीतल्या चाळणीत उरतं ते बारीक शेवाळ. त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे पिसं गुलाबी होतात. पिल्लू जन्मतं ते करडं. इथे बहुसंख्येने दिसतो तो धाकटा रोहित. उंच, फिकट दिसतोय तो मोठा. त्याला चिखलातले बारीकसारीक जीव लागतात.

पण शेवाळ एवढं माजतं कशावर? दोन्ही काठांवरच्या शहरांच्या सांडपाण्यावर. आपण नाक दाबून पूल ओलांडतो आणि खाली यांची पंगत बसलेली असते. म्हणून घाण बरी, असं मात्र नाही. कारखान्यांची रसायनंही याच पाण्यात उतरतात.

1990 च्या दशकापासून हे थवे मुंबईत मोठ्या संख्येने दिसू लागले. 2015 मध्ये खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं.

(भरती. थवा उठतो.)

आता चिखल बुडाला. थवा निघाला नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे, भरती उतरेपर्यंत एका पायावर विसावायला. अभयारण्याची हद्द त्यांच्यासोबत तिथवर जात नाही. तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली, की ती जागा गेली. आणि वरचं आभाळही मोकळं नाही: मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत 30 हून अधिक रोहित मेले.

(संध्याकाळ.)

पाणी पुन्हा उतरतंय. चिखलाची पहिली पट्टी दिसली आणि लांब पायांचा शेकाट्या पक्षी तिथे पोचलासुद्धा. रोहित अजून तळ्यावरच आहेत.