पॅरिस-रूबे: टायरमध्ये हवा एवढी कमी का? एकदाचं सांगूनच टाकते

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली परत तेच, ताई पॅरिस-रूबे सायकल रेसवाले टायरमध्ये एवढी कमी हवा का ठेवतात, कडक टायर जास्त पळतो ना? आज फक्त ह्यावरच बोलू.

रेसचं पटकन उरकते. उत्तर फ्रान्स, एप्रिलमधला रविवार, एकाच दिवसात साधारण २६० किलोमीटर. १८९६ पासून चालू आहे. नावात पॅरिस असलं तरी १९७७ पासून सुटते कॉम्पिएन्य गावाहून आणि संपते रूबेच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवर, तिथे दीड फेरी मारायची. मधे तीसेक तुकड्यांत मिळून ५५ किलोमीटरच्या आसपास दगडी रस्ता, त्याला तिकडे पावे म्हणतात. जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून त्यातलाच एक दगड. झालं.

आता एकाने लिहिलंय की आमच्या सोसायटीत पण असेच पेव्हर ब्लॉक आहेत. नाही हो! हे दगड वरून गोलसर झिजलेत, एक वर आलेला, शेजारचा खचलेला, आणि मधल्या फटीत तुमची चार बोटं जातील. मी बेल्जियममध्ये गेंटला राहते, तिथून हे सगळं जवळ आहे, हात लावून बघितलंय.

तर हवा. कडक टायर दगडावर आपटतो आणि उडतो. प्रत्येक दगडाला तुम्ही बाइकसकट वर उचलले जाता, आणि ती ताकद कुठून गेली? तुमच्याच पायातून. मऊ टायर दगड पोटात घेतो आणि पुढे सरकतो. गुळगुळीत डांबरावर कडक ठीक आहे, इथे नाही.

पटत नसेल तर माझं ऐका. रेसच्या आदल्या दिवशी हौशी लोकांसाठी राइड असते, त्यात मी भाड्याची बाइक घेऊन गेले होते, २८ चे टायर (म्हणजे २८ मिलिमीटर रुंद), दुकानदाराने ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून दिली आणि मी पण काही बोलले नाही. आरेनबर्गचं जंगल, म्हणजे रेसमधला जंगलातून जाणारा दगडी तुकडा, २३०० मीटर, नाकासमोर सरळ. अर्ध्यात पाण्याची बाटली उडून गेली, नजर एवढी हलत होती की पुढचा दगड दिसेना, बाहेर आले तर चॉकलेटचं रॅपर फाडता येईना, बोटंच मिटत नव्हती. तिथेच बसले, व्हॉल्व्ह दाबला, बरीच हवा सोडली. पुढच्या दगडी तुकड्याला तीच बाइक, तेच पाय, आणि मी पेडल मारू शकत होते!

आणि प्रो लोकांचं बघा ना. पूर्वी २५-२८ चे टायर असायचे, आता ३०-३२ चे ट्यूबलेस, हवा साधारण ६० पीएसआय किंवा त्याहून कमी. २०२३ ला तर चालत्या बाइकवर हवा कमी-जास्त करायची यंत्रणा लावून रायडर उतरले, दगड आले की कमी, डांबर आलं की परत जास्त. ग्रॅम-ग्रॅम मोजणारी माणसं एवढं वजन उगाच लावतील का?

"मग दगडांवर हळू चालवायची" असं पण एकाने लिहिलंय. उलटं आहे, हळू गेलात की चाक प्रत्येक फटीत पडतं. वेग ठेवायचा, जड गिअर, हँडल सैल धरायचं. धोका आहेच, मी लपवत नाही. १९९८ ला बेल्जियमचा रायडर योहान म्युसूव आरेनबर्गमध्ये पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळून पाय जायची वेळ आली. तोच माणूस २००० ला परत येऊन जिंकला. मला अजून काटा येतो.

एक मात्र लक्षात ठेवा, साधी ट्यूब असेल तर माझं ऐकून हवा एकदम उतरवू नका, ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली की शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पाच-पाच पीएसआय कमी करत जा.

थांबा, करूनच दाखवते. कॅमेरा जरा गेजच्या, हवा मोजायच्या मीटरच्या, जवळ घे रे. हे ३२ चं ट्यूबलेस, माझं वजन ६४ किलो. आत्ता ७० आहे. ऐका आवाज... ६०... ५५... अजून थोडं... ५०. आता अंगठा दाबून बघा, हा एवढा आत गेला पाहिजे.