डफ, रील आणि पहिलं मत

(पडद्यावर: प्रचार संपल्यानंतरचं मैदान, अर्धा उतरवलेला मांडव, गुंडाळलेल्या सतरंज्या)

मतदान संपण्याआधीचे 48 तास. भोंगे बंद झालेत, गाड्यांवरचे झेंडे उतरलेत. या 48 तासांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक खास कलम आहे, कलम 126. सभा घ्यायची नाही, मिरवणूक काढायची नाही, टीव्हीवरून प्रचार करायचा नाही. त्याच यादीत पुढे आणखी एक मनाई आहे. लोकांना जमवून प्रचार करण्यासाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा नाही, नाटक लावायचं नाही. कलम मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

म्हणजे गाण्यानं मत हलू शकतं, हे कायद्यानंच धरून चाललंय. कलावंतांनी तरुणांच्या मतावर प्रभाव टाकावा का, हा प्रश्न आज रीलमुळे नवा वाटतो. महाराष्ट्रात तो फार जुना आहे. गाण्या-नाट्यांतून विचार मांडणारे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. पण मतपेटीशी गाण्याची गाठ ठळकपणे दिसली ती 1957 साली.

(पडद्यावर: गिरणगावातल्या चाळींची जुनी छायाचित्रं. आवाज: डफ आणि तुणतुणं)

21 नोव्हेंबर 1955. फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. नोव्हेंबरात दिल्लीनं मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र ठेवून द्विभाषिक मुंबई राज्य केलं आणि काही महिन्यांतच सार्वत्रिक निवडणूक आली. समिती काँग्रेसविरुद्ध मैदानात उतरली आणि शाहीर समितीच्या बाजूनं गायले.

त्या काळात सभा म्हटली की आधी शाहीर. बार्शीचे अमर शेख उभे राहिले की त्यांचा पहाडी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. सोबत द. ना. गवाणकर, अण्णाभाऊ साठे. या तिघांचं लाल बावटा कलापथक त्याआधीच सरकारच्या डोळ्यांवर आलेलं होतं, त्याच्यावर बंदीही आली होती. बंदी आली म्हणून ते गायचे थांबले नाहीत.

अण्णाभाऊ वाटेगावहून कुटुंबासोबत पायी मुंबईला आलेले. गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत, म्हणजे लावणीच्या वळणाच्या गाण्यात, पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावाकडे राहिलेली मैना आठवते. ऐकणाऱ्या प्रत्येक कामगाराची मैना गावाकडेच होती, त्यामुळे त्याचा जीव तिथंच अडकायचा. आणि मग गाणं हळूच वळण घ्यायचं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं यायची आणि दुरावलेली मैना म्हणजे दुरावलेला मराठी मुलूख, हे कुणी वेगळं समजावून सांगायची गरज उरायची नाही.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ‘मी प्रसिद्ध आहे, म्हणून माझं ऐक,’ असं या गाण्यात कुठेच नाही. प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे आणि गाणारा त्याच्याच वस्तीत राहतो. उद्या समितीनं दगा दिला असता, तर लोकांनी जाब विचारायला आधी चिरागनगरचंच दार ठोठावलं असतं.

1957 च्या निकालात मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर दणका बसला. समितीचे एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे विधानसभेत गेले, कॉम्रेड डांगे लोकसभेत. हे सगळं शाहिरांनी केलं, असं म्हणणं गोळीबारात मेलेल्यांवर अन्याय होईल. लोकांच्या मनात राग होताच. शाहिरांनी त्याला शब्द दिले, चाल दिली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं.

त्या सभांमध्ये डफाच्या तालावर डोलणाऱ्या 18, 19, 20 वर्षांच्या पोरांना मात्र मत नव्हतं. वयाची अट 21 होती. ती 18 वर आली 61 व्या घटनादुरुस्तीनं, 1989 साली.

(पडद्यावर: कॉलेजचा कट्टा, हातात मोबाइल घेतलेली मुलं)

2024 च्या लोकसभेला 18 आणि 19 वर्षांचे सुमारे 1 कोटी 80 लाख मतदार यादीत होते. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी निवडणूक आयोग स्वतःच प्रसिद्ध चेहऱ्यांची मदत घेतो. 2023 मध्ये सचिन तेंडुलकर यांना आयोगानं राष्ट्रीय आयकॉन म्हणून नेमलं. अशा माणसानं ‘नाव नोंदवा, मतदान करा’ म्हणावं, याला कुणाचीच हरकत नसावी. त्याचा उपयोगही होतो. 10 सप्टेंबर 2024 ला अमेरिकेत गायिका टेलर स्विफ्टनं कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला आणि मतदार नोंदणीची लिंक दिली. चोवीस तासांत चार लाखांहून अधिक लोक त्या लिंकवरून सरकारी संकेतस्थळावर पोचले. हॅरिस तरीही हरल्या. 2018 मध्ये टेनेसीत स्विफ्टनं ज्यांना पाठिंबा दिला, ते सिनेटचे उमेदवारही हरले होते.

पण ‘कलाकारांच्या सांगण्यानं काही होत नाही’ असंही म्हणता येत नाही. 2007 मध्ये अमेरिकेतली प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालक ओप्रा विन्फ्रीनं बराक ओबामांची बाजू घेतली. त्या पाठिंब्यानं 2008 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ओबामांना सुमारे दहा लाख मतं जास्त मिळाली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. एकाच पक्षातले दोन उमेदवार, धोरणांत फारसा फरक नाही. अशा वेळी ओळखीच्या माणसाचा शब्द वजनदार ठरत असावा.

(पडद्यावर: एकामागून एक सरकणारी रील)

आता आपल्याकडे या. साबणाची किंवा क्रीमची जाहिरात पैसे घेऊन केली, तर इन्फ्लुएन्सरनं तसं स्पष्ट सांगायला हवं, असा ग्राहक संरक्षणाचा नियम आहे. उमेदवाराच्या स्तुतीचं रील करताना मात्र असं काही सांगायचं कुणाच्या आठवणीतसुद्धा नसतं. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. त्यामुळे एखादं ‘सहज केलेलं’ रील खरंच मनापासून आलंय की कुणीतरी त्याचे पैसे मोजलेत, हे पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलीला कळायला मार्गच नसतो. आणि त्या 48 तासांत मैदानातला कार्यक्रम बंद असला, तरी आधी टाकलेलं रील तिच्या हातात फिरतच असतं.

माझा राग कलावंताच्या राजकीय मतावर नाही. ते त्याचं असावंच, आणि त्यानं ते बोलावं. पाच वर्षं पाणी, नोकरी, परीक्षा, फी यांतल्या कशावरही तोंड न उघडणारा माणूस शेवटच्या तीन आठवड्यांत मानधन घेऊन बोलतो आणि मानधनाचं लपवतो, हे मला सहन होत नाही. ज्या पोरांनी त्याच्या गाण्यांवर जीव टाकला, त्यांच्या विश्वासाचा तो सौदा असतो.

याच राज्यात 2023 मध्ये मराठी रॅप गाण्यांवरून तरुण गायकांमागे पोलीस लागले, गुन्हे दाखल झाले. ती गाणी तुम्हाला आवडोत न आवडोत, त्यातली भाषा पटो न पटो. गाणारे स्वतःच्या नावानं, स्वतःच्या तोंडानं बोलत होते आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. शाहिरांशी त्यांचं नातं मला इथं दिसतं. म्हणून ते म्हणतील तेच खरं, असंही नाही. पण त्यांच्याशी वाद तरी घालता येतो.

(पडद्यावर: रेकॉर्डिंग स्टुडिओ, माइकसमोर उभी एक तरुण गायिका)

गाणाऱ्या, नाचणाऱ्या, रील करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, दाखल गुन्हे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तुमच्या चाहत्यांना वाचून दाखवा. नंतर तुम्ही कुणाला मत देणार आणि का, ते बेधडक सांगा. त्या पोस्टचे पैसे मिळाले असतील, तर किती आणि कुणाकडून, हेही त्याच पोस्टमध्ये लिहा.