अनुदान बसवण्याचं, खर्च चालवण्याचा

श्रोतेहो, नमस्कार.

गच्चीवर सौर पॅनल लावा, सरकारी अनुदान मिळवा, अशा जाहिराती हल्ली चौकाचौकात दिसतात. शहरातला कार्बन कमी करायला सरकार पैसे देतं, हे त्यामुळे बहुतेकांच्या कानावर आलेलं आहे. ते पैसे नेमके कशासाठी मिळतात, कशासाठी मिळत नाहीत, आणि न मिळाल्याने कुठे अडतं, याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचंय.

आधी कार्बन येतो कुठून ते पाहू. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचा हिशेब मांडलाय. शहराचं वर्षाचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यात ऊर्जेचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २० टक्के आणि कचऱ्याचा ८ टक्के. रस्त्यावरचा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण सगळा दोष गाड्यांना देऊन मोकळे होतो. पण आपली लिफ्ट, पाण्याचा पंप, एसी, जिन्यातले दिवे हे सगळं ज्या विजेवर चालतं, तिच्यासाठी चंद्रपूर-कोराडीला कोळसा जळत असतो. तो धूर आपल्या खिडकीतून दिसत नाही, एवढंच.

म्हणून गच्ची महत्त्वाची. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. स्वतःचं घर असेल तर पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये मिळतात. याच योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांसाठीही तरतूद आहे, आणि तिच्याविषयी फार कमी लोक बोलतात. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, आवारातले दिवे, अगदी विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठीसुद्धा, किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे.

हिशेब करून पाहू. दहा किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट उन्हाची जागा लागते. टाकीची, जिन्याच्या खोलीची सावली पडते ती जागा त्यात धरायची नाही. अशा संचातून रोज सरासरी चाळीस युनिट वीज मिळते, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. वर्षाला सुमारे चौदा हजार युनिट. आपल्या ग्रिडमधल्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातल्या, एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका मध्यम सोसायटीच्या एका गच्चीवरून वर्षाला सुमारे दहा टन उत्सर्जन वाचतं, आणि त्यासाठी अनुदान मिळतं १ लाख ८० हजार.

पैसे आधी मिळत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, महावितरणची किंवा तुमच्या वीज कंपनीची मंजुरी घ्यायची, नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून भारतीय बनावटीचे पॅनल बसवून घ्यायचे, नेट मीटर, म्हणजे ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लागला की तपासणी होते, आणि मग अनुदान थेट बँकेत जमा होतं. तोवर सगळा खर्च सोसायटीच्या निधीतून किंवा कर्जातून. ज्या सोसायटीकडे दुरुस्ती निधीच नाही, तिथे ही गोष्ट पहिल्याच सभेत बारगळते.

पण माझी खरी काळजी पुढची आहे. संच बसला, फोटो निघाले, अनुदान आलं. सहा महिन्यांनी त्या पॅनलवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटचा थर बसतो आणि पहिल्या पावसात तो काचेवर घट्ट होतो. वीज कमी होते, पण बिल आधीपेक्षा कमीच असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे, पण पॅनल पुसायचे कोणी? ते काम सोसायटीचं. आणि त्याची तरतूद ना अर्जात असते, ना सभेच्या ठरावात.

कचऱ्याच्या बाबतीत हे दुखणं आणखी मोठं आहे.

आपल्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो ढिगाऱ्यात दबला की हवेशिवाय कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवणारा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेली आग आठवत असेल. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला आणि २०१४-१५ मध्ये गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपला कचरा आपल्याच आवारात जिरवायची निकड कळली. हे त्या गावांचे आपल्यावरचे उपकार आहेत, असं मी मानतो.

या कामालाही पैसे आहेत. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात कचरा प्रकल्पांसाठी केंद्राचा वाटा शहराच्या आकारानुसार ठरतो: दहा लाखांवरच्या शहरांना २५ टक्के, एक ते दहा लाखांपर्यंत ३३ टक्के, एक लाखाच्या आतल्या शहरांना ५० टक्के. लहान गावाला जास्त हात, हे अगदी योग्य आहे. पण हा पैसा भांडवली खर्चाचा. शेड, यंत्र, टाकी. ते यंत्र रोज चालवणाऱ्या माणसाचा पगार नगरपरिषदेने आपल्या खिशातून द्यायचा. खिसा रिकामा असला की यंत्राला कुलूप लागतं आणि ओला कचरा पुन्हा डेपोच्या गाडीत जातो.

खतखड्डा चालवणं म्हणजे काय, हे कधीतरी जवळ उभं राहून पाहा. भाजीचे देठ, उरलेला भात, नारळाच्या शेंड्या एकत्र आलेल्या असतात. शेंड्या वेगळ्या काढायच्या. प्लॅस्टिकची पिशवी हमखास निघते, ती उचलायची. ओल्यावर वाळलेला पाला किंवा भुसा पसरायचा, नाहीतर खाली काळं पाणी साचतं आणि चिलटं होतात. दोन-तीन दिवसांनी सगळं खालीवर करायचं, म्हणजे हवा जाते आणि मिथेन होत नाही. हवामानबदल रोखण्याचं काम ते हेच, हातमोजे घालून, फावड्याने. आणि पुण्यात ते कितीतरी ठिकाणी कचरावेचक ताई करतात. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. या ताईंची कमाई घरोघरी मिळणाऱ्या मासिक शुल्कावर आणि भंगाराच्या भावावर. लाखोंच्या यंत्राला अनुदान देताना आपण हात आखडता घेत नाही, आणि ताईंना महिन्याचे पैसे देताना मात्र घासाघीस करतो, याची मला लाज वाटते.

म्हणून पुणे महापालिकेची एक जुनी सवलत मला मोठमोठ्या अनुदानांपेक्षा मोलाची वाटते. सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाच्या पाण्याचा साठा, यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के सूट, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. रक्कम डोळ्यांत भरणारी नाही. पण ती दर वर्षी मिळते, आणि प्रकल्प चालू असेल तरच. महापालिकेने तपासणी करून बंद पडलेल्या प्रकल्पांच्या सवलती काढूनही घेतल्या आहेत. तेव्हा तक्रारी झाल्या, पण मला ते पटलं. ही सूट फ्लॅटधारकांच्या घरात जिरून न जाता खड्डा सांभाळणाऱ्या हातापर्यंत पोचवायची असेल, तर सोसायटीने तसा ठराव करावा लागेल. वाचलेल्या करातून थोडे थोडे पैसे देखभालीच्या वेगळ्या खात्यात जमा करायचे, इतकं सोपं.

पुण्यात आणखी एक वाट आहे. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिक आपल्या भागातली कामं सुचवू शकतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. बहुतेक लोक बाकं आणि पेव्हर ब्लॉक मागतात. बागेतल्या पाल्यासाठी खतखड्डा, मंडईसाठी ओल्या कचऱ्याची सोय, शाळेच्या गच्चीवर पॅनल, हेही मागता येईल. मागताना वर्षभराच्या देखभालीचा खर्च कोण देणार, ते अर्जातच विचारा.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात. तुमच्या सचिवांना आत्ताच सांगा, सभेच्या सूचनेत तीन विषय घ्या: सामायिक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं, गच्चीवर उन्हाची किती जागा आहे त्याचं माप, आणि देखभालीसाठी दरमहा दर घरामागे किती रुपये. पहिले दोन विषय पाच मिनिटांत होतील. तिसऱ्यावर वाद होईल, तो होऊ द्या, पण आकडा ठरल्याशिवाय सभा संपवू नका. आणि खतखड्डा सांभाळणाऱ्या ताईंनाही त्या सभेला बोलवा. महिन्याला किती पैसे लागतात, ते त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही.

नमस्कार.