दोन टाक्या

पडद्यावरच्या या तळ्यात तळाचा दगडन् दगड दिसतोय. आम्लपावसाने मारलेली तळी बऱ्याचदा अशीच नितळ असतात.

भूकवचात वजनाने सुमारे 8 टक्के ऍल्युमिनियम आहे. एरवी ते मातीच्या कणांत घट्ट बसलेलं असतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच (जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्ल), साडेपाचच्या खाली उतरला, की सुटतं आणि ओढ्याला लागतं.

आता माशाचा कल्ला जवळून. कंगव्याच्या दातांसारखे हे लाल तंतू, आणि तंतूंवर आडवे, पातळ पापुद्रे. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एवढाच पडदा. मासा इथूनच अमोनिया बाहेर टाकतो, म्हणून कल्ल्यालगतच्या पाण्याची आम्लता किंचित कमी होते. तेवढं पुरतं. विरघळलेलं ऍल्युमिनियम नेमकं तिथेच साकळतं, पापुद्र्यांवर बसतं. कल्ला बुळबुळीत स्राव सोडत राहतो, अंगातलं मीठ पाण्यात झिरपतं, श्वास कोंडतो. या पिल्लाच्या कल्ल्यांवरची झाकणं बघा, किती वेगाने हलतायत.

पुढचा भाग चित्रांतून दाखवतोय. मासे मारून चित्रीकरण करायचं नव्हतं. बर्चल, एक्सली आणि सहकारी संशोधकांचा हा प्रयोग 1989 साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. दोन्ही टाक्यांत सॅमन माशाची पिल्लं, सामू 5, आणि ऍल्युमिनियम लिटरला दोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास. उजवीकडच्या टाकीत फक्त सिलिसिक आम्ल, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन, जास्त, रेणूंच्या हिशेबात ऍल्युमिनियमच्या दहापटींहून अधिक. नाव आम्ल, पण इतकं सौम्य की सामूला धक्काही लागत नाही.

डावीकडची पिल्लं दोन दिवसांत मेली. उजवीकडची पोहत राहिली.

ऍल्युमिनियम कुठे गेलं? कुठेच नाही, पाण्यातच आहे. त्याचे कण एकमेकांना जोडले जाऊन गाठी धरू लागतात, तेव्हा सिलिसिक आम्ल मध्ये शिरतं आणि गाठीला स्वतःच चिकटतं. गाठ पुढे वाढत नाही. मातीच्या खनिजांशी दूरचं नातं सांगणारं एक संयुग तयार होतं, हायड्रॉक्सी-ऍल्युमिनोसिलिकेट. ते कल्ल्यावर फारसं बसत नाही. आम्लपावसाच्या चर्चेत गंधक आलं, चुना आला. सिलिकॉनला मात्र कुणी फारसं विचारलंच नाही. वाळूतलं, काचेतलं, रोजच्या पायाखालचं.

दक्षिण नॉर्वेतल्या कित्येक नद्यांतून सॅमन नाहीसा झाला. तिथे नद्यांत चुना टाकतात, सोडियम सिलिकेटही टाकून पाहिलं आहे.

ही कातळाची भेग. थेंब अगदी सावकाश येतोय. पाणी खडकात जितकं मुरतं, तितकं सिलिकॉन घेऊन बाहेर पडतं.

आणि हा वितळत्या बर्फाचा लोंढा. तो मुरायला थांबत नाही. वरच्या पातळ मातीतलं ऍल्युमिनियम तेवढं उचलतो आणि ओढ्यात उतरतो. या गोट्यांच्या फटींत, त्याच दिवसांत, सॅमनची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतायत.