पोरांना कुणी विचारलं?

(आयर्लंडमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून)

नमस्कार मंडळी. कार्यक्रम दहाचा होता, आत्ता अकरा वाजून गेलेत, म्हणजे आपण अगदी वेळेत आहोत.

परवा मुलांच्या मराठी वर्गात सीमाप्रश्न झाला, म्हणजे बेळगावचा मराठी भाग लोकांना न विचारता आजच्या कर्नाटकात गेला ती गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६, काळा दिवस, सीमेसाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा, सगळं झालं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून तुम्ही अजून रागावलाय. मग आजीच्या गावात तो दादा नशा करतो, त्याला कुणी विचारलं?" वर्ग घेणाऱ्या काकूंनी घड्याळ बघितलं आणि खाऊ वाटला.

आपणही तेच करतो. बेळगाव, खानापूर, निपाणीहून फोन येतो की पोरगं बिघडलंय. आपण इथून सल्ला देतो : लग्न लावून टाका, सुधारेल. नाहीतर गोव्याला कामाला पाठवा. गोव्याला! व्यसन सोडवायला!

ज्या देशात आपण राहतो, त्यानं २०२३ मध्ये हाच प्रश्न लोकांपुढे ठेवला. आयर्लंडच्या संसदेनं अमली पदार्थांच्या वापराबद्दल नागरिक सभा नेमली : ९९ साधी माणसं आणि एक अध्यक्ष. २०,००० घरांना निमंत्रणं गेली. ज्यांनी होकार दिला, त्यांच्यातून वय, लिंग, प्रदेश बघून सोडत निघाली. एप्रिल ते ऑक्टोबर सहा बैठका झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये ३६ शिफारशींचा अहवाल आला. स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याकडे आधी आरोग्याच्या बाजूनं बघा, हा त्याचा गाभा. गांजा कायदेशीर करायचा पर्याय एका मतानं हरला. ही माणसं काही एका सुरात गाणारी नव्हती.

आपल्याकडे पलीकडच्या कोल्हापूर-चंदगडात 'आडवी बाटली'चं, म्हणजे गावातलं दारूदुकान बंद करायचं मतदान सगळ्यांना माहीत आहे. बायकांनी गाव हलवलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण तिथं प्रश्न दुकानाचा असतो, उत्तर उभी किंवा आडवी. दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याचं काय, हे मतपत्रिकेवर नसतं. नागरिक सभेत आधी ऐकायचं, मग वाद घालायचा, मत शेवटी.

समजा अशी सभा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात करायची. पहिलं काम प्रश्न नीट बांधायचं. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, केंद्राचा. तालुका तो बदलू शकत नाही. 'गांजाला परवानगी द्यावी का' असं विचारलं तर चार रविवार भांडण होईल आणि हाती काही नाही. पण त्याच कायद्यात ६४-अ कलम आहे. सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. हे गावात किती जणांना ठाऊक आहे? म्हणून प्रश्न असा हवा : तालुक्यातला माणूस पोलिसांच्या आधी डॉक्टरपर्यंत कसा पोचेल? आणि तंबाखू यात ओढायची नाही. निपाणीत १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून महामार्गावर बसलेल्यांच्या घरात तो पोटाचा विषय आहे. त्याला वेगळी सभा लागेल.

मग सोडत. ४० जण हवे असतील, निवडीला वाव म्हणून शंभर होकार लागतील आणि दहातला एकच होकार देईल असं धरलं, तर निदान १,००० पत्रं. मतदारयादी दोन लाखांची धरली तर दर दोनशेवं नाव, सुरुवात कुठून ते १ ते २०० मधली एक चिठ्ठी काढून. पत्र वाटायला त्याच गावचा माणूस नको, तो आपल्या ओळखीच्या दारात जास्त थांबतो. शंभर होकार आले की त्यातून ४० निवडायचे : निम्म्या बायका, वय, मातृभाषा, शेत असलेले आणि नसलेले, शहर आणि खेडं. वर आठ राखीव, कारण दुसऱ्या बैठकीला काही जण गळतातच. शेवटची चिठ्ठी लोकांसमोर निघाली पाहिजे.

मजुरी त्याच दिवशी रोख. नाहीतर ऊसतोडीवरची बाई येणारच नाही आणि सभा निवृत्त मास्तरांची होईल. पेरणी आणि जत्रा टाळायची. कणकुंबीची बस बघून बैठक संपवायची. एका टेबलावर आठ जण, मराठी आणि कन्नड बोलणारे मिसळून, सोबत दुभाषी. वेगवेगळे बसवले तर दोन सभा होतील. दुभाषामुळे वेळ दुप्पट जातो, तेव्हा विषय निम्मे धरायचे. टिपणं दोन्ही भाषांत एकाच कागदावर. वर कोणती भाषा, यावरच पहिला रविवार जाईल हेही गृहीत धरा.

तज्ज्ञ बोलवायचे, पण वीस मिनिटं बोलून त्यांनी बाहेर बसायचं. टेबलावर डॉक्टर बसला की बाकीचे "बरोबर आहे साहेब" म्हणतात. आपल्या कार्यकारिणीत आणखी वेगळं काय होतं? आपली निवड सर्वानुमते होते, म्हणजे 'नको' म्हणायला जो उशिरा पोचतो, त्याची.

आणि जिल्हाधिकारी किंवा जिल्हा पंचायतीकडून, सभा भरण्याआधीच, लेखी घ्यायचं : प्रत्येक शिफारशीला अमुक महिन्यांत उत्तर देऊ, नाकारली तर कारणासह. नाहीतर अहवालाचं काय होतं, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको.

एवढं सगळं जमवता येईल. मला अडतंय ते त्या मुलीच्या प्रश्नापाशी. सोडतीत त्या दादाचंच नाव निघालं तर? गाव लहान, टेबलावर समोर त्याच्या चुलत्याचा शेजारी. पडद्याआडून किंवा आवाज मुद्रित करून ऐकवायची सोय बाहेरच्या साक्षीदारांसाठी करता येते. पण जो स्वतः सभासद आहे, त्याला पडद्याआड कसं बसवणार? आणि तो उठून बोललाच, तर सोमवारी त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न राहील का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथं बेळगावकर भरपूर आहेत, कुणाला सुचलं तर जेवणाच्या रांगेत मला गाठा.