बदली

[दृश्य: पहाट. रिकामं आवार, मध्ये गिरणीची चिमणी. लांबून एसटीचा हॉर्न.]

पूर्वी गिरणीचा भोंगा झाला की अर्धं सोलापूर उठायचं. माझे मामा अजूनही त्याच वेळेला उठतात. भोंगा बंद पडून किती वर्षं झाली, ते त्यांना विचारू नका.

मामा गिरणीत बदली होते. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. रोज सकाळी फाटकावर जाऊन उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असेल, तर त्याच्या मागावर त्या दिवसापुरतं काम. सगळे हजर असतील, तर डबा न उघडता घरी. पुढे गिरणी बंद झाली. मामा पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून लागले आणि चादरींचे माग दुरुस्त करता करता म्हातारे झाले.

आजची गोष्ट चादरीची नाही, एका व्हिडिओ गेमची आहे. पण तो मी मामांच्या शेजारी बसून खेळलो, त्यामुळे चादर मधेमधे येणार.

[दृश्य: खोलीतला टीव्ही. कूलरचा आवाज. पडद्यावर बर्फाळ शहर.]

गेमचं नाव ‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’. बनवला पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम या कंपनीनं, लेखक-दिग्दर्शक डेव्हिड केज. मे २०१८मध्ये तो प्लेस्टेशन ४वर आला, आणि डिसेंबर २०१९मध्ये पीसीवर. काळ आहे २०३८चा, गाव अमेरिकेतलं डेट्रॉइट. हुबेहूब माणसासारखे दिसणारे यंत्रमानव, म्हणजे अँड्रॉइड, तिथे दुकानाच्या काचेमागे उभे असतात. आपण टीव्ही घेतो तसे लोक ते घेऊन जातात.

त्यातले तिघं आपल्या हातात येतात. कॉनर पोलिसांच्या मदतीला आहे. कारा घरकाम करते. मार्कस एका म्हाताऱ्या चित्रकाराची सेवा करतो. काय बोलायचं, कुणाला वाचवायचं, पळायचं की थांबायचं हे आपण ठरवायचं, आणि गोष्ट तशी वळते. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवावा. पुढे मी शेवटासकट सगळं फोडणार आहे.

सुरुवातीलाच पडद्यावर तारीख येते, १५ ऑगस्ट २०३८. आपल्याकडे झेंडावंदन. तिकडे एका उंच इमारतीच्या गच्चीवर एक अँड्रॉइड लहान मुलीला ओलीस धरून उभा आहे. कॉनर लिफ्टमध्ये नाणं उडवत वर येतो. आत फिशटँक फुटलाय, एक मासा फरशीवर तडफडतोय. त्याला उचलून पाण्यात सोडता येतं. सोडला नाही, तर कुणी जाब विचारत नाही. मी घाईत पुढे निघालो होतो.

“अरे, मासा!” मामा म्हणाले.

मी मागे फिरलो. या गेमची खरी ताकद इथे आहे असं मला वाटतं. जग वाचवायचे प्रश्न इतर गेमही विचारतात. हा गेम ‘मासा उचलणार का’ असं विचारतो आणि उत्तराची वाट पाहत गप्प बसतो.

[दृश्य: पडद्यावर प्रसंगानंतरचा आराखडा. त्यावरून जेकार्डच्या फिरत्या कार्डांवर.]

प्रत्येक प्रसंग संपला की पडद्यावर फांद्यांचा आराखडा उमटतो. आपण कोणत्या वाटेनं आलो ते त्यात दिसतं. न घेतलेल्या वाटांवर कुलूप असतं. जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी आपल्यासारखंच केलं, तो आकडाही असतो. मामांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, “ही तर जेकार्डची कार्डं की.”

चादरीवर मोर उमटतो तो धोट्याच्या मर्जीनं नाही. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या दोऱ्यांतला, तेवढा दोरा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे दोरा खालीच. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार यांनी १८०४च्या सुमारास हे जेकार्ड यंत्र बसवलं. कॉम्प्युटरची जुनी पंचकार्डं त्याच घराण्यातली. म्हणजे मामांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं.

फरक एवढाच की गिऱ्हाइकाला चादर दाखवतात, कार्डं दाखवत नाहीत. हा गेम दाखवतो. मला ते आवडलंही आणि खटकलंही. आवडलं, कारण तुमच्या निर्णयानं फरक पडला असा नुसता दावा न करता तो हिशेब समोर ठेवतो. खटकलं, कारण नुकतंच कुणीतरी मेलेलं असतं, घशात आवंढा असतो, आणि लगेच समोर मार्कशीट.

आता काराची रात्र. गेममधला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग.

कारा ज्या घरात कामाला आहे त्या घराचा मालक टॉड. काम गेलंय, नशा करतो, लहान अ‍ॅलिसवर हात उचलतो. त्याआधी बराच वेळ आपण नुसती भांडी उचलतो, कपडे गोळा करतो, झाडलोट करतो. “भांडी घासायचा पण गेम असतो होय?” मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. असतो, आणि तो कंटाळा मुद्दाम ठेवलाय, कारण रात्री टॉड भडकतो, काराला दटावतो की जागची हलू नकोस, आणि जिन्यानं वर मुलीकडे निघतो. काराच्या डोळ्यांपुढे त्या हुकमाची लाल भिंत उभी राहते. ती फोडायची की नाही?

कंट्रोलर मी मामांच्या हातात दिला.

ते काही करेनात. मला वाटलं बटण सापडत नाहीये. तसं नव्हतं. “हलू नको म्हणालाय ना मालक,” ते म्हणाले. आणि हलले नाहीत. वर मुलगी मेली.

मामांनी कंट्रोलर खाली ठेवला. जरा वेळानं म्हणाले, “तीस वर्षं सवय हाय, बाळा.”

हुकूम पाळणं हाही इथे एक निर्णय आहे, आणि त्याची किंमत गेम वसूल करतो. खेळाडूनं काहीच केलं नाही तरी गोष्ट थांबून त्याची वाट पाहत नाही.

कॉनरचं तर वेगळंच. तो मेला की त्याला बनवणारी कंपनी दुसरा पाठवते. तोच चेहरा, तोच कोट, अंगावरच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा तेवढा एकानं पुढे. त्याच्यासोबत काम करणारा म्हातारा पोलीस हँक ते विसरत नाही, त्याच्या वागण्यात फरक पडतो. क्लॅन्सी ब्राउन या नटानं हँक असा उभा केलाय की त्याची चिडचिडही आपलीशी वाटते. नवा कॉनर दारात आला तेव्हा मामा एकच शब्द बोलले.

“बदली आला.”

[दृश्य: अक्कलकोट रोडकडचे कारखाने. एका शटरला कुलूप.]

इथून पुढे मात्र गेमशी माझं भांडण सुरू होतं, आणि ते मामांच्या एका प्रश्नामुळे. “त्या टॉडचं काम कुणी घेतलं?”

अँड्रॉइडनं. गेममध्ये तसं सांगितलंय. मार्कस रंग घेऊन निघतो तेव्हा चौकात काम गेलेली माणसं निदर्शनं करत असतात, आणि त्याला धक्काबुक्की करतात. ठिकठिकाणी वाचायला मिळणाऱ्या मासिकांत बेकारीच्या बातम्या असतात. पण गोष्टीला या माणसांत रस नाही. ती फक्त रागावलेली गर्दी. त्यांच्यातला एकही आपल्याला खेळायला मिळत नाही.

आणि गाव कोणतं निवडलंय, तर डेट्रॉइट! खऱ्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५०मध्ये साडेअठरा लाख होती. मोटारींच्या कारखान्यांचं काम ओसरलं, आणि २०१०च्या जनगणनेत ती सव्वासात लाखांच्या आत आली. २०१३मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. काम गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला याहून योग्य गाव शोधून सापडणार नाही. गेमनं त्या गावाची पाटी घेतली आणि माणूस रस्त्याकडेला उभा केला.

त्याऐवजी सगळा भर अँड्रॉइडांच्या स्वातंत्र्यासाठी मार्कस देतो त्या लढ्यावर. बसमध्ये अँड्रॉइडना मागच्या बाजूला वेगळी जागा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास इतका उघडउघड उचललाय की लेखक कोपरानं ढोसून “कळलं ना?” असं विचारतोय की काय, असं वाटतं. मार्कस नुसत्या स्पर्शानं इतर अँड्रॉइड जागे करतो. पुढे पुढे तर लांबूनच हात फिरवतो आणि रस्ताभर अँड्रॉइड त्याच्या मागे चालू लागतात. निवडीच्या स्वातंत्र्यावरचा हा गेम. त्यात त्या बिचाऱ्यांना यायचंय का, एवढं कुणी विचारत नाही.

शांततेनं की हिंसेनं, ही निवड आपल्याकडे आहे. प्रत्येक कृतीनंतर जनमत वर किंवा खाली सरकतं. शेवटी सैनिक बंदुका रोखून उभे असताना मार्कस गाणं म्हणू शकतो. गाणं ऐकून बाजू पलटते, बंदुका खाली येतात.

[दृश्य: चार हुतात्मा पुतळ्याचा चौक. सकाळची रहदारी.]

हे पाहताना सोलापूरच्या माणसाला जरा हसू येतं, आणि मग येत नाही. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर रस्त्यावर उतरलं. त्यात गिरणी कामगार होते. गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याला फाशी दिलं. जनमत तेव्हाही होतं. त्याचा बाण वर गेला म्हणून कुणी दोर थांबवला नाही. गेमनं दुःखान्त करावा असं माझं म्हणणं नाही. सगळं हरायची वाटही त्यात आहेच. पण जिंकणं इतकं स्वस्त असेल, तर आधीच्या प्रसंगांत जपून घेतलेल्या निर्णयांचं वजन कमी होतं.

अ‍ॅलिसचंही तेच. ती माणसाची मुलगी नाही, तीही अँड्रॉइडच, असं शेवटाकडे कळतं. चकवा म्हणून ठीक. पण माणसाच्या लेकरासाठी यंत्रानं जीव टाकावा यातली गंमतच निघून गेली. मामी म्हणाल्या, “मग एवढं रडवलं कशाला?”

तरीही मी हा गेम तीनदा खेळलो. दुसऱ्या वेळी मामांनी भिंत फोडली. जोरात, लागत होती त्याहून जास्त वेळा बटण दाबून.

[दृश्य: टीव्हीवर गेमचा मेनू. एक तरुण चेहरा.]

राहता राहिली क्लोई. गेम सुरू केला की मेनूवर ती असते. ती आपलं स्वागत करते, कधी प्रश्न विचारते, आपण काय केलं त्यावर बोलते. गोष्ट पूर्ण झाल्यावर ती म्हणते की मला इथून जायचंय, जाऊ का? हो किंवा नाही, आपण सांगायचं.

मी मामांकडे पाहिलं. “जाऊ दे की तिला,” ते म्हणाले.

ती गेली. मेनूवर तिची जागा रिकामी झाली. मी टीव्ही बंद करायला उठलो, पण मामा त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले होते.

“उद्या सकाळी लावून बघ,” ते म्हणाले. “बदली पाठवतील.”