नोकरीच्या फॉर्मातला खर्रा

(दृश्य: नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी. पहिली पाळी सुरू व्हायच्या आधीचा पानठेला.)

भरडलेली सुपारी, वरून तंबाखू, त्यावर ओला चुना. ठेलेवाला सगळं जाड पन्नीत घेतो आणि फळीवर दोन्ही तळव्यांनी रगडायला लागतो. चुना सुपारीत जिरतो, रंग गडद होतो, पुडीला रबर लागतं. झाला खर्रा. "कडक करू का, भाऊ?" एवढाच काय तो संवाद. मोठ्या ठेल्यांवर हे काम आता मशीन करते. हातानं घोटलेल्याची चव वेगळी, असं मानणारे मात्र अजून रांगेत थांबतात.

रांगेत हेल्पर आहेत, ड्रायव्हर आहेत, रात्रपाळी संपवून निघालेले सिक्युरिटी गार्ड आहेत. अर्धी पुडी आत्ता, उरलेली जेवणानंतर. यानं भूक मरते, झोप उडते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. निकोटिन तेच काम करतं. बारा तासांची ड्युटी उभ्यानं काढायची असेल तर तेच हवं असतं.

(दृश्य: ठेकेदाराचं ऑफिस. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा.)

नवा माणूस कामावर घेताना मेडिकलचा फॉर्म भरून घेतात. उंची, वजन, रक्तदाब, डोळे. खाली कुठंतरी एक रकाना: व्यसन. तंबाखू, धूम्रपान, मद्य. हो की नाही?

पेन थांबतं. मागून कुणीतरी ढोसतो, "काहून थांबला बे? खरं लेहलं त कोन घेते? नाही लेह अन् पुढे हो."

तो 'नाही' लिहितो. टेबलापलीकडचा माणूस त्याचे दात बघतो, फॉर्म बघतो आणि शिक्का मारतो. त्याच्याही गालात पुडी असते. नोकरीचा पहिला कागद असा खोट्यानं सुरू होतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आता समजा, त्या रकान्याच्या जागी चाचणी आली तर?

ही कल्पनेतली गोष्ट नाही. अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सनं 1985 पासून तंबाखू घेणाऱ्यांना नोकरी देणं बंद केलं. क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या रुग्णालयानं 2007 मध्ये तोच नियम केला. उमेदवाराच्या लघवीत निकोटिनची खूण सापडली की नोकरीचा देकार मागे. वर सवय सोडवायचा मोफत उपचार, आणि 90 दिवसांनी पुन्हा अर्ज करायची मुभा. ट्रक भाड्यानं देणाऱ्या यू-हॉल कंपनीनं 1 फेब्रुवारी 2020 पासून नियम लावला, पण फक्त 21 राज्यांत. उरलेल्या 29 राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना कमीअधिक संरक्षण देणारे कायदे आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही 2005 पासून तंबाखू घेणाऱ्यांना भरतीत घेत नाही. ती अर्जातच विचारते.

अमेरिकेतल्या मालकाला एवढी उठाठेव कशासाठी? तिथं कामगाराच्या आरोग्य विम्याचा मोठा भार मालकावर असतो. कामगाराला कर्करोग झाला तर त्याचा खर्च फिरून कंपनीच्याच हिशेबात येतो. म्हणजे नियमाच्या मुळाशी पैसा आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कंपन्याही लपवत नाहीत.

हा हिशेब बुटीबोरीत मांडून बघा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेला कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. जुलै 2019 पासून मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के. माणूस खर्रा खातो की खात नाही, याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. गालात पुडी असो वा नसो, मालकाची चलान तेवढीच. तेव्हा अमेरिकेचा नियम नागपुरात आणला, तर त्याचं कारण मात्र तिथंच राहून जातं. बड्या पगारदारांचा ग्रुप मेडिक्लेम असतो तिथं गोष्ट थोडी वेगळी. पण तो वर्ग खर्ऱ्याच्या रांगेत तुलनेनं कमीच.

मालकांचीही बाजू आहे. जिन्याचे कोपरे लाल झालेले, वॉशबेसिन तुंबलेलं, मशीनवरचा माणूस दर तासाला "आलोच" म्हणून गेटवर. हे सगळं खरं आहे. पण त्यावर उपाय गेटवर आणि जिन्यावर करायचा असतो. स्फोटकांच्या कारखान्यात काडेपेटी, लायटर दारातच काढून घेतात, त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. तो नियम कामाच्या जागेसाठी आहे. रविवारी घरी बसून खाल्लेल्या पुडीसाठी सोमवारी लघवी मागणं हा वेगळाच नियम झाला.

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅब. पट्टीवर उमटणाऱ्या रेघा.)

चाचणी नेमकी काय पकडते? निकोटिन शरीरात फार टिकत नाही, साधारण दोन तासांत निम्मं होतं. यकृत त्याचं कोटिनिन करतं, आणि ते निम्मं व्हायला सोळा तासांच्या आसपास लागतात. म्हणून लॅब कोटिनिन शोधते. रोज खाणाऱ्यानं सोडल्यावरही ते काही दिवस, कधी आठवडाभरही लघवीत सापडतं. लघवीच्या पट्टीची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला 200 नॅनोग्रॅम. शेजारी कुणी सिगारेट ओढली म्हणून माणूस सहसा त्यात अडकू नये, इतकी ती वर ठेवलेली असते.

इथवर ठीक. आता गफलत बघा. खर्रा सोडायचा म्हणून एखादा पोरगा मेडिकल स्टोअरमधून निकोटिनचं च्युइंगम घेतो. डॉक्टरही तेच सुचवतात. त्याची पट्टी काय सांगणार? पॉझिटिव्ह. कारण गममध्येही निकोटिनच आहे. तंबाखूत अ‍ॅनाबेसिन नावाचा आणखी एक घटक असतो, तो गममध्ये नसतो. तो तपासला तर दोघांतला फरक कळतो. पण त्यासाठी वेगळी चाचणी, वेगळे पैसे. भरतीच्या गर्दीत कोण करणार? म्हणजे सोडू बघणारा पोरगा बाहेर.

आणि नुसती सुपारी खाणारा आत.

नागपूरसाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. खर्ऱ्यात वजनानं जास्त असते ती सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. गालाच्या आतली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासं होतं, तो आजारही मुख्यतः सुपारीचाच. सबम्युकस फायब्रोसिस. पुढं त्यातून कर्करोग होऊ शकतो. कोटिनिनच्या पट्टीला सुपारी दिसतच नाही. गोड सुपारीची पाकिटं चघळणारा पोरगा फॉर्मावर 'निर्व्यसनी' ठरतो, आणि पट्टीही त्याला दुजोरा देते.

मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात असे पेशंट रोजचेच. तिथं तपासणीची सुरुवात साधी असते: आपलीच तीन बोटं एकमेकांवर धरून उभी तोंडात घालायची. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात साधारणपणे तिन्ही जातात. कुणाची दोनच जातात, कुणाचं एकाशीच अडतं. तिखट लागलं की आग होते, म्हणून भाजीत मिरची नको असते. विशीतला पोरगा वरणात पोळी कुस्करून खायला लागतो, आणि घरी सगळ्यांना वाटतं, नखरे करतो. या तपासणीला पट्टी लागत नाही, लॅब लागत नाही. भरतीच्या वेळी डॉक्टरनं हीच केली, आणि नोकरी नाकारण्यासाठी न करता पेशंटला लवकर हाताशी धरायला केली, तर मला तरी त्यात काही गैर दिसत नाही.

बायकांचं वेगळंच. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. सिगारेट-बिडी ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी. बायकांमध्ये प्रमाण 17 टक्के. सकाळी दाताला गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, लावणारी बाई त्याला व्यसन म्हणतच नाही, तिच्या लेखी ते दात घासणं असतं. कंपनीच्या हाउसकीपिंगला येणारी बाई रकान्यात 'नाही' लिहिते तेव्हा ती खोटंही बोलत नसते. पट्टी मात्र तिला पकडेल.

सरकारांनीही हा रस्ता धरून पाहिला आहे. झारखंडनं 1 एप्रिल 2021 पासून सरकारी कर्मचाऱ्यांना तंबाखू न खाण्याचं शपथपत्र द्यायला सांगितलं. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी खर्रा आणि माव्यावरही. बंदी बनवायला, साठवायला, विकायला. खायला नाही. म्हणजे जो पदार्थ कायद्यानं राज्यात विकलाच जात नाही, तो खाता का, असं फॉर्म विचारतो. आणि ज्या ठेल्यावर तो मिळतो, तो त्याच कंपनीच्या गेटसमोर असतो. बंदी त्या ठेल्यावर राबवायची सोडून लघवीच्या बाटलीत राबवायची, हा उफराटा कारभार झाला.

नोकरीची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी मागता येत नाही, हे 2017 च्या कायद्यानं स्पष्ट केलं. निकोटिनसाठी तसा कायदा आपल्याकडे नाही. खासगी मालकानं उद्या पट्टी आणली, तर हेल्परच्या हातात फार काही उरत नाही.

(दृश्य: सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय. केसपेपरची खिडकी.)

खिडकीवर ईएसआयचं कार्ड मागतात. कार्डावर कामगाराचे उपचार होतात, बायकोचे होतात, पोरांचेही होतात. कार्ड नोकरीतून मिळतं. पट्टीवर नापास झालेला माणूस काम सोडून बसत नाही, तो पुढच्या ठेकेदाराकडे जातो, जिथं चाचणी नाही, पगाराची पावती नाही आणि कार्डही नाही. त्याचं तोंड दोन बोटांवर येईल तेव्हा या खिडकीत दाखवायला त्याच्याकडे काहीच नसेल.

(शेवटची पाटी: तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन, टोल फ्री 1800-11-2356.)